शालीत गुंडाळलेली प्लेट

आंध्र वेगळं होऊन आमच्या राज्याचे दोन तुकडे होत होते तेव्हा आमच्या लॅबमध्येही वाटण्या सुरू होत्या. माझे पीएच.डी.चे गाइड आंध्राचे; त्यांची बदली तिकडे झाली. त्यांना इथून एकच वस्तू न्यायची होती: तरुणपणी हजारोंतून शोधून काढलेलं एक बिघडलेलं यीस्ट. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं.

यीस्टच्या पेशीत माल वाहणाऱ्या इवल्या पिशव्या असतात. पिशवी मुक्कामाच्या पडद्याला भिडली की दोन्हीकडची प्रथिनं चारपेडी वेणीसारखी गुंफली जातात, पिशवी पडद्यात मिसळते आणि माल पोचतो. मग दुसरं एक प्रथिन ती वेणी सोडवतं, म्हणजे पेड पुन्हा कामाला येतात. आमच्या यीस्टमध्ये नेमकं हे सोडवणारंच अधू होतं. गारव्यात कसंबसं चालायचं. तापल्या अंगाइतकी उष्णता झाली की पिशव्या तुंबायच्या आणि पेशी मरायची.

त्यात रोजचे बंद, वीज गायब, जनरेटरला डिझेल नाही. डीप फ्रीझर वितळला, सगळा साठा गेला. उरली ते यीस्ट वाढवलेली एक प्लेट. सर म्हणाले, "तुझ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेव." आमचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागे, तिथे वीज टिकायची.

"काय गं हे?" आईने विचारलं.

"यीस्ट. तुझं खमीर असतं ना, तेच," मी चपला काढता काढता म्हटलं.

आईचा खमिरावर भारी जीव. बरकतपुऱ्याच्या जुन्या शेजारणीकडून ती नान शिकली होती, आणि पीठ फुगवणाऱ्या खमिराची बरणी लेकरासारखी जपायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फ्रिज उघडला तर प्लेट नाही.

"हौ, मीच काढली," आई म्हणाली. "खमीर कुणी थंडीत ठेवतंय का? गॅलरीत ठेवलंय, उन्हाला."

मी गॅलरीत धावले. एप्रिलचं ऊन, पितळी डबा, आणि आत माझ्याच लोकरी शालीत गुंडाळलेली प्लेट! डब्याला हात लावला तर चटका बसला. "मारलंस तू त्याला!" मी किंचाळले. आई भिंतीला टेकून खालीच बसली.

सरांनी नव्या प्लेटवर वाढवून पाहिलं. काही उगवलं नाही. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते हात धुऊन निघून गेले.

ते निघाले त्या दिवशी आई हट्टाने स्टेशनवर आली. मी नको म्हणत होते. तिने नानचा डबा पुढे केला. सरांच्या दुसऱ्या हातात थर्माकोलचा डबा होता, यीस्टसाठी आणलेला, रिकामा. त्यांनी उभ्याउभ्याच नानचा तुकडा तोंडात टाकला.

"अम्मा, इसका खमीर बचा है क्या?"

गाडीला वेळ होता. आई धापा टाकत घरी गेली आणि खमिराची बरणी घेऊन आली.

"पुन्हा हजारोंतून ते बिघडलेलं शोधायचं, यातूनच," सर मला म्हणाले, आणि थर्माकोलच्या डब्याचं झाकण काढलं.

आई मात्र बरणी सोडेना.

"आधी सांगा," ती म्हणाली, "याला कुठं ठेवायचं?"