सहाव्या वर्षाचं बी

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. बांधा तसाच, बारीक आणि ताठ, आणि बोलणं त्याहून टोकदार. जुने कपडे आल्टर करून देणं हा तिचा धंदा. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, जरा सैल करा, वजन वाढलंय," तर ही म्हणायची, "कापड वाढत नसतं हो, वजन कमी करा." तरी गिऱ्हाईक परत यायचं, कारण तिची शिवण उसवत नसे.

नवरा अकाली गेला. वर्षही सरलं नव्हतं तोवर धाकट्या दिरानं विषय काढला, "वहिनी, तुम्ही एकट्या. तुम्हाला दोन खोल्या कशाला?" सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. घरामागचा मातीचा तुकडा टाचणीनं लग्न होऊन आल्यापासून सांभाळला होता. तिथं सासऱ्यांनी जपलेला एक टोमॅटो होता. चपटा, पाकळ्या पाडल्यासारखा, साल इतकी पातळ की बाजारात पोचायच्या आधीच तडकायची. म्हणून विकायला तो कुणी लावत नसे. पण चव अशी की सासरे मिठाची डबी पुढ्यात घेऊन बसत आणि बाकी ताटाकडे ढुंकून बघत नसत. बी कसं धरायचं हे त्यांनीच सुनेला शिकवलं होतं.

घर सोडायच्या दिवशी सासूबाईंनी दारातच तिची पिशवी तपासली. भांडीकुंडी तर नेत नाही ना, म्हणून. टाचणीनं पिशवी सरळ उपडी केली. सगळं परत भरून झाल्यावर ती मागे गेली, सगळ्यांच्या देखत एक पिकून तडकलेला टोमॅटो तोडला आणि हातात धरून पुढच्या दारानं निघाली.

"हे काय नेतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या हातचं आहे ते," ती म्हणाली आणि चालू लागली.

थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायची. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेली, आवाज मऊ, स्वभाव त्याहून मऊ. भांडणाचा नुसता वास आला तरी तिला घाम फुटायचा. धाकटीनं आल्या आल्या टोमॅटोचा गर पेल्यात पिळला, थोडं पाणी घातलं आणि पेला खिडकीत ठेवून दिला. दोन-तीन दिवसांत वर पांढरी साय धरली आणि घरभर आंबूस वास सुटला.

"अगं, उंदीर मेलाय का कुठे?"

"बी आंबतंय, ताई. वरचा बुळबुळीत पदर सुटायला हवा ना."

मग तिनं पेला पाण्यानं भरला, वर तरंगलेलं फोल बी फेकलं आणि तळाशी बसलेलं धुऊन बशीत पसरलं. कागदावर नाही, कागदाला ते गोंद लावल्यासारखं चिकटतं. खडखडीत वाळल्यावर पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा चुलीपासून लांब, कपाटाच्या तळाला. ऊब आणि ओल हे बियांचे वैरी.

"किती दिवस टिकेल?" ताईनं विचारलं.

"दिवस नाही गं, वर्षं. चार वर्षं बिनघोर. नीट ठेवलं तर पाच-सहा. पुढे काही उगवतं, काही नाही. मामंजींनी दहाव्या वर्षीचंही उगवलेलं पाहिलं होतं, पण त्यावर विसंबू नको म्हणायचे."

बी होतं, पण लावायचं कुठं? खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची भिंत. ऊन फक्त गच्चीवर, आणि गच्चीला कुलूप. घरमालक तळमजल्यावर राहायचा आणि कुंडी हा शब्द कानावर पडला की तो छताकडे बोट दाखवायचा. "स्लॅब गळेल, बाई." दर वर्षी ती विचारायची, दर वर्षी तो हेच सांगायचा.

तीही दर वर्षी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघायची. पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्यांना मोड आले. चौथ्या वर्षी दोन-तीन मुक्या राहिल्या. आलेली रोपं ती डब्यात लावायची, पण त्या खिडकीत ती काडीसारखी लांब व्हायची आणि मान टाकायची. सहाव्या वर्षी फडकं उघडलं, तर फक्त चार बियांना मोड, आणि तेही केवढ्या उशिरानं! तिनं फडकं ताईपुढे धरलं.

"आता विचारणं बस झालं," ती म्हणाली.

त्या रविवारी भर सकाळी तिनं शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि गच्चीच्या दाराची कडी चारही स्क्रूंसकट काढली. कुलूप जसंच्या तसं कडीला लोंबकळत राहिलं. मग तिनं जुन्या बादल्या वर नेल्या, प्रत्येकीखाली विटा, विटांवर पसरट ताट, म्हणजे थेंबही स्लॅबवर पडायला नको. मालक धापा टाकत वर आला.

"ही काय दादागिरी? कुणाला विचारून?"

"सहा वर्षं तुम्हालाच विचारत होते."

"मी घर खाली करायला सांगेन!"

"सांगा. गच्ची कपडे वाळवायला भाडेकरूंची, हे करारात तुम्हीच लिहिलंय. मी कपडेच वाळवणार. शेजारी बादल्या असतील. एक थेंब गळला तर मला बोलवा, मी स्वतः सगळं खाली नेईन. तोवर तुमची कडी मी नीट ठेवलीय, एकही स्क्रू हरवलेला नाही."

मालक बादल्यांकडे वळला, तर त्यांच्यापुढे ताई खुर्ची टाकून बसलेली. टाके सुटत होते, पण विणकामाच्या सुया चालू होत्या.

"तुम्ही इथं काय करताय?"

"मला डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलंय," ताई म्हणाली. असं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती एखाद्याच्या वाटेत बसली होती, आणि दुपारपर्यंत उठली नाही.

टाचणीनं उरलंसुरलं सगळं बी पेरून टाकलं. मागे काही ठेवलंच नाही. आठवडा गेला, दुसरा संपत आला, तरी माती गप्प. ताई रोज म्हणायची, "नसेल गं जीव त्यात." टाचणी म्हणायची, "म्हातारं बी आहे, उठायला वेळ लागणार." मग एकेक वाकडी मान वर आली. बरंच बी आलंच नाही. आलेल्यांतली काही रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. पाच झाडं हाताला लागली, आणि ती पाचही अशी फळली की काठ्या वाकल्या. स्लॅब कोरडा राहिला. मालक रोज वर बघून जायचा आणि हिरमुसून खाली यायचा.

पहिल्या तोड्यातच तिनं बी धरलं, पाकिटांवर वर्ष घातलं आणि इमारतीत प्रत्येक दारी एकेक पाकीट दिलं. समोरच्या चांभाराला दिलं, इस्त्रीवाल्याला दिलं. मालकिणीनंही मालकाच्या नकळत घेतलं.

ही बातमी दिराच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तो आला आणि उभ्याउभ्याच बोलू लागला. "वहिनी, मागे गाडीसाठी फरशी घातली तेव्हा ती झाडं गेली. आता आई जेवत नाही, सारखा तोच टोमॅटो मागते. बी आपल्या घरचं आहे, थोडं परत द्या."

"घरातून मी निघाले तेव्हा बीही निघालं, भावोजी."

"आईसाठी म्हणतोय."

"मग आईंना घेऊन या."

"तीन जिने कसे चढेल ती?"

"मी रोज मातीच्या पाट्या घेऊन चढले."

दोन दिवसांनी सासूबाई आल्या. प्रत्येक मजल्यावर थांबत, मुलाच्या खांद्यावर भार टाकत. गच्चीवर ताईची खुर्ची होती, तिच्यात बसल्या. टाचणीनं एक टोमॅटो चिरून मिठासकट पुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश खाल्ला. रस मनगटावर ओघळला, तो पुसलाही नाही.

"यांनी लावला होता तसाच लागतो," त्या म्हणाल्या. मग उरलेलं मीठ बोटानं टिपत, "तू परत ये. तुझी खोली रिकामी करून देईन."

दीर दचकला. टाचणीच्या मनात एक क्षण काहीतरी हललं. घर तिचंही होतंच की कधीकाळी. पण सासूबाईंनी चुकलं असं म्हटलं नव्हतं, आणि त्या म्हणणारही नव्हत्या.

"नाही येणार, आई. इथं ऊन आहे."

"बी तरी द्या," दीर म्हणाला.

"बी गल्लीभर झालंय. चांभाराकडे मागा, तो देईल. आता ते कुणाच्या एकाच्या घरचं नाही." मग तिनं पिशवीभर टोमॅटो सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. "हे मात्र तुमचे."

दीर आईला जिन्यातच सोडून खाली गेला आणि खरोखरच चांभारापुढे उभा राहिला. सासूबाई जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येईन. ती खुर्ची फार कडक आहे, उशी ठेव."

"उशी तुमची तुम्ही आणा," टाचणी वरूनच म्हणाली.