शेऱ्याचा रकाना

चाकणच्या कारखान्यात नेटवर्कच्या खोलीत कंत्राटावरचे एक गृहस्थ माझ्या शेजारी बसत. कुठलं मशिन नेटवर्कवर उत्तर देतंय आणि कुठलं नाही, हे आमचं जुनं टूल काळ्या पडद्यावर ओळीओळीनं दाखवायचं. ते वाचून शॉपफ्लोअरला फोनवर सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण नुसतं सांगतील तर ते कसले!

"पेंटशॉपचं चालू हाय, पन आज जरा कुरकुरतंय." "वेल्डिंगचं बोलत न्हाई, रुसलंय जनू."

पलीकडचा हसायचा. मग फोन ठेवून ते शर्टाच्या टोकाला चष्मा पुसत बसायचे.

वरून मला हुकूम आला. टूलचं आउटपुट जेसन नावाच्या संगणकी मांडणीत, ठरावीक रकान्यांत काढ, म्हणजे माणसाऐवजी डॅशबोर्डच ते वाचेल. मी कोड लिहीत असताना ते खुर्ची सरकवून बघत होते. मशिन, स्थिती, वेळ. त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता चिडतील.

"भाऊ, शेवटाला एक शेऱ्याचा रकाना ठेवा की."

"त्यात भरणार कोण?"

"ऱ्हाऊ द्या राव. जागा तर असू द्या."

मी ठेवला. त्यांचं कंत्राट काही पुढे वाढवलं नाही. डॅशबोर्डवर तो रकाना दिसतही नाही. मी मात्र अधूनमधून काळा पडदा उघडतो. ओळी धावत असतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी शेरा हा शब्द, त्यापुढे अवतरणचिन्हं, आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही.