अर्धं खरं लिहिणारे मामा

आमच्या हिच्या मामांइतका निर्लज्ज उमेदवार पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांचा जावई असूनही भर पंगतीत सांगायला तयार आहे. निडीजवळच्या त्यांच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की लोक उमेदवारांच्या यादीआधी मामांच्या पत्रकाची वाट बघत. पत्रक मामा स्वतः लिहीत आणि प्रेसवाल्याला त्यातला स्वल्पविरामही हलवू देत नसत. सुरुवातीलाच ‘उच्चविद्याविभूषित’. मी एकदा भीत भीत विचारलं, तर छाती काढून म्हणाले, “तीन वर्षं कॉलेजात काढलीत, जावईबापू!” काढली होती, कॉलेजच्या कँटीनला वडे पुरवण्यात. त्याखाली ‘निडी येथे एक्सप्रेस थांबवणारा माणूस’. थांबवली होती, तेही खरं. खिडकीतून छत्री पडली म्हणून साखळी ओढली आणि रोह्याला दंड भरून सुटले. ‘डोलवीच्या कंपनीत थेट जाणं-येणं’ होतं ते गेटपर्यंत. तिथला वॉचमन त्यांना नावानं ओळखायचा आणि नावानंच परत पाठवायचा.

याची त्यांना लाज होती म्हणाल, तर तिळमात्र नाही. उलट तत्त्वज्ञान होतं. “मी खोटं लिहीत नाय,” ते म्हणत, “मी अर्धं लिहितो. उरलेलं मतदारानं विचारावं. तो विचारत नाय, त्याला मी काय करू?” कोणाच्या दहाव्याला गेले तरी मयताचा आपल्यालाच पाठिंबा होता, असं नदीकाठी उभं राहून सांगायचे, मयत काही खोडून काढायला यायचा नाही. इतकं करूनही ते दर वेळी पडत. पडले की ‘नैतिक विजय’ नावाचं आणखी एक पत्रक काढत, ते मात्र कोणी वाचत नसे.

मग सरपंचपदाला त्यांच्यासमोर ताराबाई उभी राहिली आणि मामांच्या अर्ध्या खऱ्यानं कळस गाठला. ताराबाई त्यांच्याच आळीतली, वालाच्या शेतात वाकून कंबर गेलेली, पण गावाच्या पाण्याच्या टाकीसाठी रोह्याच्या कचेऱ्यांचे उंबरे तिनंच झिजवलेले. तीच येणार, हे गावातल्या कोंबड्यांनाही कळत होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या आणि ताराबाई तिला घेऊन रिक्षानं रोह्याला दवाखान्यात गेली. रिक्षात बसताना तिला मामांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत घरोघर पत्रक: ‘आमच्या भगिनी ताराबाई रुग्णालयात. आपल्या भगिनीचा अश्रूंनी भिजलेला कौल समजून घ्या आणि तिच्या या थोरल्या बंधूस विजयी करा.’ बाईनं माघार घेतली असं कुठं लिहिलं नव्हतं, आणि दुसरं काही वाचताही येत नव्हतं. ताराबाईच्या सख्ख्या जावेनंसुद्धा हुंदके देत मामांना मत दिलं. ताराबाई नात बघून परतली, तेव्हा मामा गुलालात न्हालेले होते.

ती भांडली नाही, रडली नाही. सरळ रोह्याच्या कोर्टात गेली. मामांच्या वकिलानं बचाव ठरवला तो साधा होता: पत्रक आमचं नव्हेच, कोणा हितशत्रूनं वाटलं असेल. पत्रक कोणी काढलं ते त्यावर छापलं नव्हतं, प्रेसवाल्याला काही आठवत नव्हतं. साक्षीच्या दिवशी हिनं मला बळंच सोबत धाडलं. मामा इस्त्रीच्या सदऱ्यात पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली आणि ताराबाईच्या वकिलीणबाईंना शांतपणे सांगितलं, “हे पत्रक मी आज पहिल्यांदा बघतोय.”

पोरसवदा बाई, पण माणूस ओळखून होती. तिनं वाद घातलाच नाही. “बरोबर आहे,” ती न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, “साहेब, हे कोणा शिकलेल्या माणसाचं कामच नाही. भाषा बघा. चौथीतल्या मुलानं खरडल्यासारखी.”

मामांचे कान लाल झाले.

“‘अश्रूंनी भिजलेला कौल’!” बाई हसली. “कौल कधी भिजतो का? कौलं भिजतात.”

“भिजतो!” मामा गरजले. “चौथीतलं पोर लिहील हे? आख्खी दुपार घालवली मी त्या वाक्यावर! आधी ‘ओथंबलेला’ होतं, ते खोडलं!”

मामांच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी पेन उचललं. बाकीचा खटला म्हणजे नुसते सोपस्कार होते. निवड रद्द झाली, पोटनिवडणुकीत ताराबाई आली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ती मामांसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता चप्पल काढते. ती म्हणाली, “दादा, तू लिवलंस मी दवाखान्यात. मतं टाकून आख्खा गाव मला बघायला आला. तू तीन घरं सोडून ऱ्हातोस, तू नाय आलास.”

“तू बरी हायस, मला ठावं होतं ना गो,” मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच पूर्ण खरं वाक्य असावं. ताराबाई खळखळून हसली आणि त्यांना आपल्याच रिक्षात घालून घरी घेऊन गेली.

यंदाच्या निवडणुकीत मामा उभे राहिले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा बाहेर प्रचाराची गाडी भोंगा वाजवत फिरत होती आणि ते ओटीवर पाय पसरून बसले होते. मी मनाशी चार टोमणे तयार ठेवले होते. गाडी लांब गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “जावईबापू, खरं सांगा. ते पत्रक काढलंच नसतं, तरी मी आलो असतो का हो?”

“आला असतात की,” मी म्हणालो. “गाव तुम्हाला मानतं.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं उभा जन्म त्याच धंद्यात घालवला, त्याला हे ओळखू आलं नसेल, असं मला वाटत नाही. ते डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, आणि मग आत वळून म्हणाले, “जावयांना चहा टाका गो. साखर जरा जास्त घाला.”