लाल टॅग नसलेली गाडी

सकाळी चहा देता देता बायकोचं तोंड वाकडं झालं. मले वाटलं, चिडवून राहिली. मी म्हणलं, "कावून तोंड वाकडं करून राहिली वं?" तिच्या हातातला कप पडला तेव्हा समजलं, हा लकवा आहे.

पावर हाउसच्या बाजाराले जाताना एका दवाखान्याच्या गेटावर नवी मोठी गाडी उभी असायची. डोक्याचा फोटो काढायची मशीन गाडीतच, लकव्याचं औषधही पेशंटच्या दारातच भेटणार. तिच्यावर फोन नंबर रंगवला होता. बायकोले बीपी, म्हणून मी तो पाठ केला होता. फोन लावला. उचलणारा म्हणाला, विचारून सांगतो. शेजाऱ्यानं ऑटो आणला, तो मी परत पाठवला. गाडी येऊन राहिली म्हणलं. बऱ्याच वेळानं फोन आला, गाडीचं लायसन अजून आलं नाही, तुमीच घेऊन या. नेलं तेव्हा रक्ताची गाठ विरघळवायच्या औषधाची वेळ निघून गेली होती. ती तिथंच वारली.

तेरवी झाल्यावर मी त्या दवाखान्यात भांडाले गेलो. पोरगी म्हणे, केस करू. तिथली डॉक्टरीण तरणी, आपल्या नागपूरकडची, मराठी बोलणारी. तिनं बसवून समजावलं. दवाखान्यातल्या मशीनचं लायसन वेगळं, फिरत्या मशीनचं वेगळं. तिची किरणं रस्त्यावरच्या माणसाले लागू नये, चालवणारा शिकलेला पाहिजे, हे तपासल्याबिगर परवानगी भेटत नाही. मंग म्हणाली, "काका, तुम्ही प्लांटमध्ये होते ना? परमिट नसताना गॅसची लाईन उघडली असती?"

मी जन्मभर गॅस लाईनवर फिटर. परमिट नसलं तर साहेब डोक्यावर उभा राहिला तरी पाना लावला नाही. नियम बरोबरच आहे. पण तेवढ्यानं आतली आग विझत नाही.

"नसती उघडली," मी म्हणलं. "पण बंद मशीनवर आमी लाल टॅग लटकवतो, बाई. तुमी नंबर रंगवून गेटावर उभी केली. मी तिची वाट पाहत बसलो."

तिनं खिडकीतून गेटावरच्या गाडीकडं पाहिलं.

पुढच्या हप्त्यात तिकडून गेलो. गाडी तिथंच होती. नंबरावर लाल कागद चिकटवला होता, गाडी अजून चालू नाही, मरीजले सीधा दवाखान्यात आणा, असं इकडच्या हिंदीत लिहिलेलं. तिथूनच पोरीले फोन करून सांगितलं, केस नाही करत.

"एवढ्यावर भागलं का बाबा तुमचं?"

"नाही भागलं," म्हणलं, अन फोन ठेवला. कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो अंगठ्यानं दाबून बसवला.