निघोज्यावरून गेलेली रेघ

चहा आधी संपवा, मग सांगते. हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहाला बोलवाल की नाही, याची मलाच खात्री नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वसंतराव आणि सुनंदाताई राहतात. माणसं सोन्यासारखी, आणि माझं दुखणं तेच आहे. वसंतरावांनी मोशीत जागा घेतली तेव्हा तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. "तुम्हीही घ्या," असं आम्हाला म्हणाले होते. आमचे हे म्हणाले, दोन दिवसांत सांगतो. ते दोन दिवस अजून चालू आहेत. मोशीत आज काय भाव आहे, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका, ॲसिडिटी होते.

तर त्या दिवशी मी वाटी घेऊन त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. घरात दही होतं. पण त्यांच्याकडे नवा सोफा आला होता, तो बघायला नको?

सोफा राहिला बाजूला. टेबलावर हा एवढा नकाशा पसरलेला. त्यात महाळुंगे, निघोजे, सगळी गावं, आणि त्यांच्यावरून तिरप्या तीन रेघा. वरच्या अंगाला आणखी एक रेघ, तांबड्या पेनाने खोडलेली. वसंतराव फोनवर कोणाला तरी सांगत होते, "जुन्या यादीने पार पलीकडून दाखवली होती हो. नवीन यादी लावली आणि सगळं खाली सरकलं. मधली रेघ आता निघोज्यावरून जाते. रविवारी मी तिथेच थांबतो."

आता तुम्हीच सांगा, आपल्या चाकणकडच्या माणसाने नकाशावर रेघ बघितली तर त्याला काय दिसणार? रस्ता. दुसरं काही दिसलं तर तो माणूस इथला नव्हेच.

आणि निघोज्यात आमची जागा. सासऱ्यांकडून आलेली, एवढीशी. महिनोन् महिने शोधून तिला एक गिऱ्हाईक मिळालं होतं, रविवारी बयाणा द्यायला येणार होतं. जागा विकून यांना कंपनी सोडायची होती, पिठाची गिरणी टाकायची होती. गाळासुद्धा बघून ठेवलेला.

वाटी तिथेच विसरून मी घरी पळाले.

"अहो, गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा."

"का? मला सेकंड शिफ्टमधून सुटायचंय गं."

"आपल्या जागेवरून रस्ता जातोय. मग गिरणी काय, मॉल टाका."

"कोण म्हणालं?"

"कोणीच म्हणालं नाही. खरी बातमी अशीच असते."

तुम्ही म्हणाल, वसंतरावांना सरळ विचारायचं ना. पण मग मला कळलंय, हे त्यांना कळलं असतं. मोशी एकदा गेली, निघोजे मी जाऊ देणार नव्हते. यांनी गिऱ्हाइकाला फोन केला, आणि नंतर बराच वेळ गच्चीत जाऊन उभे राहिले.

रविवारी दिवस कलताना गावाहून धाकट्या दिरांचा फोन. "वयनी, तुमचं शेजारी आल्यात हितं. आपल्या बांधाला लागून तीन पायाचं कायतरी रोवलंय. मोजणीच हाय ही."

"तुम्ही ट्रॅक्टर घेऊन तिथे थांबा. आम्ही आलोच."

पोचेपर्यंत अंधार पडला होता. बघते तर सुनंदाताई सतरंजीवर थर्मास घेऊन बसलेल्या. आमच्या बांधाला लागून ह्यांची सहल! आमच्या गाडीचे दिवे, दिरांच्या ट्रॅक्टरचे दिवे, सगळे त्या दोघांवर.

"लाइट बंद करा!" वसंतराव ओरडले. हा माणूस कधी ओरडत नाही. म्हणजे काहीतरी लपवायचं असणारच. मी मोबाइलचा टॉर्चही लावला आणि त्या तीन पायांवरच्या नळीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, ही मोजणी कोणाच्या परवानगीने चाललीय?"

"वहिनी, बाजूला व्हा. दोनच मिनिटं."

"दोन दिवसांत मोशी गेली. दोन मिनिटांत निघोजे जाईल. मी हलत नाही."

सुनंदाताईंनी हाताला धरून ओढलं, तरी मी हलले नाही. वसंतराव घड्याळाकडे बघत राहिले, आणि मग स्टुलावर बसले.

"तारा गेला," ते म्हणाले. "आणि परत आलासुद्धा."

"कुठला तारा?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. माणूस इतका चांगला, की रागवायचंही त्याला नीट जमेना. म्हणे सूर्याभोवती फिरणारा एक दगड त्या ताऱ्यासमोरून जाणार होता. त्या दगडाची सावली जमिनीवरून चिंचोळ्या वाटेने पळते. त्या वाटेत जो उभा असेल, त्यालाच तारा तीन सेकंद विझलेला दिसतो. चौघांनी चार ठिकाणी उभं राहून वेळ टिपली, की दगडाचा आकार कळतो. आणि ती यादी होती ताऱ्यांच्या जागांची.

"आमच्या कंपनीत, क्वालिटी खात्यात, मोजायचं गेजच चुकीचं असलं की चांगला पार्टही रिजेक्ट व्हायचा," वसंतराव म्हणाले. "तसंच हे. ताऱ्याची जागा जुन्या यादीत जराशी चुकली होती, तर इथे खाली रेघ कितीतरी लांब पडत होती. नव्या यादीने ती अचूक आली. नेमकी तुमच्या जागेवर."

"तुमच्याच जागेत बसू का, असं विचारणार होते मी," सुनंदाताई म्हणाल्या. "पण तुम्ही वाटी टाकून पळालात."

म्हणजे बघा, रेघ आमच्या जागेवरून खरंच गेली होती. तीन सेकंद. त्याचा मोबदला कोण देणार?

गिऱ्हाइकाने तोवर महाळुंग्यात जागा पसंत केली. हे अजून सेकंड शिफ्टला आहेत, आणि माझ्याशी बोलणंही शिफ्ट बघूनच चालू आहे.

चार दिवसांनी मी वाटी आणायला गेले. वसंतराव नोंदीचा कागद भरत होते. म्हणाले, "बाकी तिघांना तारा तीन सेकंद दिसला नाही. मला दोन मिनिटं."

"म्हणजे हो?"

"म्हणजे माझ्यापुढे आलेली वस्तू चाळीस पट मोठी होती."

ते आत चहा सांगायला गेले, तेवढ्यात मी कागद वाचला. वाचणारच. लिहिलं होतं: ताऱ्यासमोर आलेली वस्तू, शेजारीण. पुन्हा येण्याची शक्यता, रोज.