एकाच पायाचा वाघ

गावच्या ग्रुपवर सकाळपासून वाघाच्या ठशांचे फोटो फिरत आहेत, म्हणून लिहावे लागले: वाघ आलेला नाही.

मोहाची फुले वेचायला निघालेल्या बाया ते ठसे पाहून रिकाम्या टोपल्या तिथेच टाकून परतल्या. मी जाऊन पाहिले, तर सगळे ठसे एकाच पायाचे! पुढे हाफपँट घातलेले तिशीतले तिघे भिंग घेऊन रांगत होते. बालगुप्तहेरांच्या गोष्टींची फिरकी घेणारा सिनेमा काढत होते. ठसे त्यांच्याच लाकडी पंजाचे.

“बाई, कसं ओळखलं?” त्यांच्यातल्या दिग्दर्शकाने विचारले.

“मले डोळे आहेत. उचला टोपल्या, नाईतर मोह गुरं खातील.”

तिघांनी निमूट मोह वेचला. माझ्यासोबत आलेली शेजारची शांता म्हणाली, “मलेबी घ्या ना सिनेमात!”

सुपूर्द: दिग्दर्शकाला पंजा एक, पुढच्या वेळी आधी गावाला सांगण्याच्या अटीवर. बायांना भरलेल्या टोपल्या चार. शांताला भिंग एक. उद्यापासून सिनेमातला तपास तिच्याकडे.