अंबूबाईंनंतरचा प्याला

आमच्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, रविवारी एकेका मिशनऱ्याचं चरित्र वाचून दाखवायची पद्धत आहे. वाचणारे कायम सुहासभाऊ, पंचकमिटीचे सेक्रेटरी. कुणी तुरुंगात गेलं, कुणी प्लेगमध्ये रोग्यांजवळ राहून वारलं, की भाऊंचा आवाज बरोबर त्या ओळीला भरून येतो. मागच्या वर्षीही त्याच ओळीला आला होता.

या वर्षी अंबूबाई वलवणला लेकीकडे राहायला आल्या आणि आमच्या मंडळीत येऊ लागल्या. मूळच्या औंढ्याच्या, सत्तरी उलटलेली. तरुणपणी कुष्ठरोग झाला म्हणून घरच्यांनी बाहेर काढलं. मिशनच्या दवाखान्यात बऱ्या झाल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच स्वयंपाकघरात तीस वर्षं भाकऱ्या थापल्या. रोग जाऊन चाळीस वर्षं झाली, डाव्या हाताची बोटं तेवढी वाकडी राहिली. आमच्या सगळ्यांची नजर नेमकी त्या बोटांवर.

आम्ही शिकलेली माणसं, कुणी वावगं बोललं नाही. कमिटीची बैठक झाली. मग सुहासभाऊ नवा स्टीलचा ग्लास घेऊन अंबूबाईंपाशी आले. मी शेजारीच बसले होते.

"सलाम मावशी. प्रभुभोजनाला पुढे यायचा त्रास तुम्हांला नको. तुमचा द्राक्षारस इथे बाकावरच आणून देऊ."

"वलवणपास्नं चालत आले न्हवं? मंग हितनं तितवर काय पाय मोडत्यात व्हय?"

"वयाला मान म्हणून म्हणतोय, मावशी."

"मंग त्या म्होरल्या बाकावरच्या आबांना द्या की ह्यो मान. ते माज्यापरीस धा वरसांनी म्हातारं हायेत."

भाऊ ग्लास बाकावर ठेवून गेले. अंबूबाई माझ्याकडे वळल्या. "घरी माजी थाळी गोठ्यात ठिवायचे, पोरी. दवाखान्यात समद्यांचा एकच प्याला व्हता. त्येवढ्यासाटी मी प्रभूची झाले. आता पुन्ना निराळं भांडं आसंल, तर मी घरीच बरी."

पुढच्या रविवारी चरित्र होतं कुष्ठरोग्यांच्या ताटात जेवणाऱ्या एका मिशनरी बाईंचं. भाऊंचा कंठ दाटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, मीही लावला. मेलेल्या माणसांवर प्रेम करायला आम्हांला कधीच जड जात नाही.

मग प्रभुभोजन. आमच्याकडे वेदीपुढच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकतात आणि एकच प्याला प्रत्येकाच्या ओठांशी जातो. सुहासभाऊ पहिल्याच ओळीत टेकले. त्यांच्या उजवीकडची रिकामी जागा अंबूबाईंनी घेतली. आता भाऊंना उठताही येईना.

आमचे पाळक, म्हणजे पाद्री, तरुण आहेत. त्यांनी अंबूबाईंना प्याला दिला, त्या प्यायल्या. पाळकांनी दरवेळेसारखी कड पुसली, पण इतकी की चांदीचा मुलामा निघतो की काय असं वाटलं. प्याला भाऊंपुढे आला. भाऊंनी नाकाला रुमाल लावला.

"मला सर्दी आहे."

त्यांच्या पलीकडे मानसीताई, महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनाही सर्दी. मार्चचं ऊन कौलांवर तापलेलं, आणि बघता बघता पुढच्या दोन ओळी सर्दीने धरल्या. सगळ्यांनी भाकर घेतली, प्याला घेतला नाही. मी घेतला, पण ओठांना लावण्यापूर्वी किंचित फिरवून घेतला. चरित्रांत असल्या गोष्टी कुणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

आशीर्वादित द्राक्षारस ओतून द्यायचा नसतो, तिथेच संपवायचा असतो. प्याला जवळजवळ भरलेला. पाळकांनी मंडळीकडे पाहिलं. मंडळी गीतांच्या पुस्तकात पान शोधत होती.

"अंबूबाई, जरा मदतीला येता?"

त्या पुढे गेल्या. "लय हाय की ह्यो. आदी तुमी घ्या."

"नाही मावशी. तुमच्यानंतर."

त्या अर्धा प्यायल्या. पाळकांनी फडक्याला हात लावला नाही. अंबूबाईंचे ओठ जिथे लागले होते, तिथूनच त्यांनी उरलेला संपवला.

आम्ही उभं राहून शेवटचं गीत म्हणत होतो. सुहासभाऊंचा आवाज सगळ्यांत स्वच्छ लागला होता.